एल्फांचं घरगुती आयुष्य : नावं, लग्नं, स्वयंपाक आणि भाऊबंदकी

काळी मैना

एल्फ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं. लांब केस, टोकदार कान, न चुकणारा बाण. सिनेमे आल्यापासून तर ढालीवर उभा राहून घसरत जाणारा लेगोलसच. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनचे एल्फ घरी कसे असतात असं विचारलं की सिनेमे तोंडपाठ असलेली मंडळीही गप्प बसतात. पोरांची नावं कोण ठेवतं? लग्न कसं लागतं? चुलीपाशी कोण असतं?

उत्तरं मुख्य कादंबरीत नाहीत हेही खरं. टोल्किन १९७३ साली गेले. मागे राहिलेल्या कागदांच्या ढिगातून त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी मध्य-पृथ्वीच्या इतिहासाचे बारा खंड काढले. त्यातल्या दहाव्यात (१९९३) एल्दार, म्हणजे एल्फांची मुख्य शाखा, यांच्या चालीरीतींवर एक लांबलचक निबंध आहे. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं तिथलं.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांची सोय होईल. एल्फांची जवळजवळ प्रत्येक रीत एकाच गोष्टीतून निघते : तिथे कुणी कायमचं जात नाही. तलवारीने मारता येतं, दुःखाने प्राण सोडता येतो, पण जीव या जगाबाहेर पडत नाही. तो मान्दोस या मृतांच्या देवाच्या दालनांत थांबतो आणि पुष्कळदा पुन्हा देह घेऊन परततो. आजारपण नाही, आपल्यासारखं म्हातारपण नाही. आता अशा समाजात लग्नाचं, नावाचं, वैराचं काय होईल ते बघा. आपल्याकडे निम्मी भांडणं माणूस गेला की मिटतात. तिथे वादी-प्रतिवादी दोघेही हयात.

नावापासून सुरू करू. पहिलं नाव बाप ठेवतो, मूल जन्मल्यावर लवकरच, दोन्हीकडच्या नातेवाइकांसमोर जाहीर करून. दुसरं आईचं. ते ती जन्मताच ठेवेल नाहीतर बऱ्याच वर्षांनी. आईला पोराच्या स्वभावाची, कधी कधी नशिबाचीही चाहूल लागते असं तिथे मानतात, म्हणून त्या नावाला वजन जास्त. तिसरं नाव मूल स्वतः घडवतं, भाषेतल्या आवाजांची स्वतःची आवडनिवड तयार झाली की. हे नाव गुप्त नसतं, पण जवळच्यांखेरीज कुणी त्या नावाने हाक मारली तर तो शुद्ध आगाऊपणा. याशिवाय पुढे लोक टोपणनावं देतात ती वेगळीच.

एल्फांतला सगळ्यांत थोर कारागीर फेआनोर, त्याचं हे आईने दिलेलं नाव, 'अग्नीचा प्राण' अशा अर्थाचं. बापाने ठेवलेलं होतं कुरुफिन्वे. ते कुणाला आठवतं? लोथलोरिएन या वनराज्याची स्वामिनी गॅलाड्रिएल, तिची कथा त्याहून मजेची. बापाचं नाव आर्तानिस, आईचं नेर्वेन, म्हणजे साधारण 'पुरुषासारखी पोरगी', कारण ती उंच, दांडगी, धावण्या-पळण्यात भावांच्या बरोबरीची. आणि गॅलाड्रिएल हे पुढे तिचा नवरा झालेल्या केलेबॉर्नने दिलेलं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितात, तसं वाटेल. पण तिथे आधीची दोन नावं कुणी पुसली नाहीत. तिन्हींतलं तिला जे आवडलं ते तिने ठेवून घेतलं.

लग्न. आधी साखरपुडा, दोन्ही घरांच्या मेजवानीत, चांदीच्या अंगठ्या. मग निदान एक वर्ष थांबायचं. या काळात कुणाचं मन बदललं तर चारचौघांत अंगठ्या परत करायच्या आणि त्या वितळवायच्या. असं क्वचितच होई, पण सोय होती. लग्नातही जेवणावळच. शेवटी मुलीची आई आणि मुलाचा बाप पुढे येऊन दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. आई देवांच्या राणीचं, वार्दाचं नाव घेते, बाप देवांच्या राजाचं, मान्वेचं, आणि एरव्ही सहसा न उच्चारलं जाणारं सगळ्यांच्या निर्मात्याचं, एरूचं नाव घेतलं जातं. चांदीच्या अंगठ्या ज्याच्या त्याला परत मिळतात, त्या जपून ठेवायच्या. सोन्याच्या अंगठ्या उजव्या हाताच्या तर्जनीत. सासूकडून जावयाला आणि सासऱ्याकडून सुनेला साखळीत ओवलेलं एकेक रत्न. हुंडा नाही, मानपान नाही. आणि एवढंही बंधनकारक नाही बरं का. युद्धात, परागंदा असताना दोघांनी एकमेकांना आशीर्वाद देऊन एरूचं नाव घेतलं आणि एकत्र आले की झालं लग्न.

पण एकदा झालं की झालं. लग्न आयुष्यभराचं, आणि आयुष्य जगाच्या अंतापर्यंतचं. घटस्फोट ही कल्पनाच नाही. या एका अटीने काय काय केलं ते प्रतिसादांत येईलच.

मुलं थोडी, चारांच्या वर फारसं कुणी जात नाही. फेआनोरला सात, तो अपवाद. मूल पोटात सुमारे वर्षभर असतं आणि वाढदिवस जन्माचा नाही, गर्भ राहिल्याचा धरतात. पहिलं वर्ष संपायच्या आत ते बोलतं, पण अंगाने पुरतं वाढायला पन्नास वर्षं, काहींना शंभर. आईबापांनी या वर्षांत एकत्र असावं असा आग्रह, म्हणून धामधुमीच्या काळात मुलं होऊच देत नाहीत.

आणि स्वयंपाक! रोजचा स्वयंपाक पुरुष करतात, आणि हौसेने. बायकांकडे मुख्यतः भाकरी, आणि लेम्बास ही खास प्रवासी भाकरी तर फक्त त्यांनीच करायची. त्याबद्दल कुणी खवय्याने लिहावं.

भटक्या खेकडा

वाचनखूण साठवली. जेवून येतो आणि मग भांडतो.

वरणफळ

मैनाताई, खवय्या हजर आहे.

लेम्बास म्हणजे आपली दशमी हो. प्रवासाला बांधून द्यायची, दिवसेंदिवस टिकणारी. फरक इतकाच की एका वडीवर धडधाकट माणूस दिवसभर चालतो. ती मोडायची नाही, पानातून काढायची नाही, म्हणजे ताजी राहते. गॅलाड्रिएलने दिली तेव्हा गिम्ली या ड्वार्फला आधी वाटलं की ही त्यांच्या उत्तरेकडची कोरडी ठणठणीत प्रवासी रोटी. नाक मुरडत कोपरा कुरतडला आणि अख्खी वडी संपवली. मग एल्फ त्याला हसून म्हणाले, पुरे, तुझं दिवसभराचं झालं.

पण टोल्किनने ह्यावर एक वेगळं टिपण लिहून ठेवलंय, त्यात खरी गंमत आहे. हे धान्य याव्हान्ना या पिकांच्या देवीने दिलेलं. ते कापताना धातूचं पातं लावायचं नाही, विळा चालत नाही, कणसं हाताने खुडायची. काढणी, मळणी, भाजणं सगळं ठरावीक बायकांकडे. तयार झालेल्या लेम्बासवर हक्क राणीचा, ती देईल त्याला मिळणार. माणसांना तर फारच क्वचित. दोरियाथचा राजा थिंगोल, त्याच्या राज्यातून राणी मेलियानने बेलेग या धनुर्धराकडे दिली, तूरिन या माणसासाठी. ती केवढी मोठी मेहरबानी होती हे कादंबरी वाचताना कळतच नाही, शिदोरीच तर दिली असं वाटतं.

आमच्याकडे पुरुषांना पोह्यांपलीकडे काही येत नाही, हे मी घरी वाचून दाखवलं. त्यावर जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही.

भटक्या खेकडा

जेवलो. आता माझा प्रश्न. गोंदोलिन या एल्फांच्या लपलेल्या शहरातला मायग्लिन राजकन्या इद्रिलवर जीव टाकत होता आणि एल्फांना इतक्या जवळच्या नात्यातलं लग्न चालत नाही म्हणून सगळं बिनसलं. बरोबर? मायग्लिनची आई आरेदेल, तिचा भाऊ राजा तुर्गोन, त्याची मुलगी इद्रिल.

म्हणजे मामाची मुलगी!!

अहो आमच्या कोल्हापूरकडे त्याचा पहिला हक्क. गडी इकडे असता तर तुर्गोनने स्वतः सुपारी फोडली असती, गोंदोलिन आजही उभं असतं.

नर्मदेतला गोटा

खेकडेराव, हसलो. पण इद्रिलला तो नको होता हेही धरा की. नातं नसतं तरी ती हो म्हणाली नसती. तिला त्याच्या मनातलं दिसत होतं. आणि गोंदोलिन पडलं ते नुसत्या प्रेमभंगाने नाही. खाणीच्या नादात तो राजाज्ञा मोडून डोंगरांबाहेर गेला, ऑर्क या राक्षसी सैनिकांच्या हाती लागला, त्यांचा धनी मॉर्गोथ, त्याच्यापुढे छळाच्या धाकाने फुटला. इद्रिल आणि राज्य मिळेल हे आमिष त्यावर.

मूळ धाग्याबद्दल. लेख छान, पण फार गोड झालाय. चांदीच्या अंगठ्या, रत्नं, हौसेने रांधणारे पुरुष. ह्याच लोकांनी अल्क्वालोंदेच्या बंदरावर आपल्याच भाऊबंदांची जहाजं हिसकावून त्यांना कापलं. नंतर दोरियाथ, नंतर सिरियनचं मुख. तीनदा. ऑर्क नव्हते त्यात, एल्फांनी एल्फ मारले. तुर्गोनने मायग्लिनच्या बापाला, एओलला, कड्यावरून लोटून दिलं, पोराच्या डोळ्यांदेखत. थिंगोलने पहिल्या कत्तलीची बातमी कळताच क्वेन्या, म्हणजे त्या लोकांची भाषा, बोलायलाच बंदी घातली, म्हणजे ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांचीही भाषा गेली. पुढे क्वेन्या उरली ती पोथीत आणि सण-समारंभात.

स्वतः टोल्किनने पत्रांत एल्फांना 'प्रेतं टिकवणाऱ्यां'च्या पंगतीला बसवलंय. मध्य-पृथ्वीवर राहायचंही आहे आणि काही बदलू पण द्यायचं नाही. एल्फांच्या तीन अंगठ्या त्यासाठीच होत्या, झीज थांबवायला. लोथलोरिएन सुंदर आहे कारण तिथे काळ अडवून धरलाय. आणि ते अडवणं शेवटी दुष्ट सौरॉनच्या अंगठीवर टेकलेलं. ती वितळली, यांचाही जोर संपला.

काळी मैना

गोटेसाहेब, गोड झालाय हे मान्य नाही, पण बाकीचं तुम्ही माझ्याच बाजूने बोललात! न संपणारे लोक असतील तर झीज हा त्यांचा एकमेव शत्रू. माणसाला घर पडलं तर दुःख होतं, पण बहुतेकदा तो त्याआधीच गेलेला असतो. एल्फाला आपण लावलेल्या झाडाच्या नातवंडांचं सरपण झालेलं बघावं लागतं. मग तो अंगठी घडवणार नाही तर काय करणार?

वैराचंही तेच. फेआनोरच्या पोरांची चोरीला गेलेली रत्नं परत मिळवायची शपथ पिढ्यान्‌पिढ्या चालली असं आपण म्हणतो, पण पिढ्या बदललेल्या आपल्या, माणसांच्या. तिकडे तेच सात भाऊ. ज्याने शपथ घेतली तोच पाचशे वर्षांनी तलवार घेऊन दारात.

शिकाऊ

मी नवीन आहे, हसू नका. कान टोकदार असतात की नाही? आणि एल्फांना दाढी नसते असं वाचलं होतं, मग बंदरावरच्या किर्दानला आहे ते कसं?

पानगळ

हसत नाही कुणी, ह्या दोन प्रश्नांवर जगभर डोकी फुटलीत.

कान : मुख्य कादंबरीत कुठेही स्पष्ट म्हटलेलं नाही. पण टोल्किनच्या शब्दांच्या टाचणांत 'पान' आणि 'कान' यांची मुळं जवळजवळ ठेवलीत आणि शेजारी लिहिलंय की एल्फांचे कान माणसांपेक्षा अधिक टोकदार, पानासारखे. हॉबिटांचे कान कसे काढायचे हे सांगताना एका पत्रात 'जरासे टोकदार, एल्फांसारखे' असंही म्हटलंय. तेव्हा टोकदार, पण सिनेमातल्याइतके नव्हे असं मी धरतो.

दाढी : साधारणपणे नाही, पण आयुष्याच्या तिसऱ्या टप्प्यात गेलेल्याला येते. किर्दान अतिप्राचीन, म्हणून त्याला. फेआनोरचा सासरा माहतान दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच दाढीवाला, त्याची नोंद अपवाद म्हणूनच केली आहे.

लेगोलस डोळे उघडे ठेवून झोपतो आणि काराध्रासच्या बर्फावर पाय न रुतता चालतो. हे मात्र थेट कादंबरीतलं.

पंचांगवाला

एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून मी काढतो. एल्फांचे ऋतू सहा! इंग्रजाने लिहिलेल्या दुनियेत चार नाहीत, सहा. रिव्हेन्डेल या एल्फ-वस्तीच्या गणनेत वसंत ५४ दिवस, उन्हाळा ७२, सुगी ५४, पानगळ ५४, हिवाळा ७२ आणि मग 'जाग येण्याचा' ऋतू ५४. झाले ३६०. वर पाच सुटे दिवस : एक वर्षारंभाचा, एक वर्षअखेरचा, तीन मधले. आठवडा सहा दिवसांचा. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. वर्षारंभ वसंतात, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागे.

मोजणी बारांच्या पटीत. त्यांचं मोठं 'वर्ष' म्हणजे १४४ सौरवर्षं. गॅलाड्रिएलच्या गाण्यात वर्षं भराभर सरल्याचं दुःख आहे ना, ती ही वर्षं. एकेक दीडशेच्या घरातलं.

वरणफळ

@पंचांगवाला, म्हणजे त्यांच्या हिशोबाने पोरगं पुरतं हातापायाला येईपर्यंत एक वर्षही झालेलं नसतं? बाप रे.

आनी-पानी

न-ण वरून आयुष्यभर टोमणे खाल्लेत, म्हणून मला ह्यांच्या भांडणांतलं एकच भांडण आपलं वाटतं.

फेआनोरची आई मीरिएल नक्षीकामात अद्वितीय, तिच्या टोपणनावात 'थ'च्या जवळचा एक आवाज होता. नोल्दोर, म्हणजे फेआनोरच्या कुळाच्या, लोकांच्या बोलण्यात तो हळूहळू 'स' झाला. तिने हट्टाने जुनाच उच्चार ठेवला आणि आपल्या माणसांनीही ठेवावा असं म्हणाली. ती गेली. तिचा नवरा, राजा फिन्वे, याने दुसरं लग्न केलं. नवी राणी इंदिस वान्यारांतली, म्हणजे दुसऱ्या एल्फ-कुळातली. तिच्या माहेरी तो आवाज शाबूत होता, पण नोल्दोरांची राणी झालेय तर त्यांच्यासारखं बोलावं म्हणून तिने 'स' उचलला. सून म्हणून चांगलंच वागली बिचारी. फेआनोरने त्यातून काढलं काय, तर आईचा अपमान. तेव्हापासून 'स' म्हणणारा तो सावत्र आईच्या बाजूचा. स्वतः जुना उच्चार सोडला नाही, पोरांनाही सोडू दिला नाही.

त्या काळातला सगळ्यांत बुद्धिमान एल्फ, आणि डूख धरला तो एका व्यंजनावरून.

नर्मदेतला गोटा

व्यंजन निमित्त. दुखणं दुसऱ्या लग्नाचं होतं.

भटक्या खेकडा

थांबा, लग्न जगाच्या अंतापर्यंत ना? मग फिन्वेचं दुसरं झालं कसं? मैनाताईंनी 'प्रतिसादांत येईल' म्हणून पुडी सोडलीय, ती आता उघडा.

काळी मैना

उघडते.

फेआनोरच्या बाळंतपणात मीरिएलची सगळी शक्ती गेली. यानंतर मला मूल होणार नाही, एवढं बळ एकट्या ह्याच्यात ओतलं गेलं, असं ती म्हणाली. लोरिएन या देवाच्या बागेत विश्रांतीला गेली, तिथे तिचा जीव देह सोडून निघाला. देह तसाच, न कोमेजता. अमर लोकांच्या देशात, शांततेच्या काळात, कुणी न मारता झालेला मृत्यू. असं आधी कधी घडलेलं नव्हतं. फिन्वे रोज जाऊन शेजारी बसे, हाका मारी. हळूहळू जाणं कमी झालं.

त्याला आणखी मुलं हवी होती. म्हणून त्याने दुसऱ्या लग्नाची परवानगी मागितली. देवांची, म्हणजे वालारांची, सभा भरली आणि लांबलचक वाद झाला. अडचण अशी की मेलेली बायको परत येऊ शकते. आली तर एकाच वेळी दोन बायका हयात, आणि ते एल्फांच्या दृष्टीने अशक्य. निकाल असा : मेलेल्या जोडीदाराने आपण होऊन परतायचं नाही म्हटलं तरच हयात असलेल्याला लग्न करता येईल. आणि त्यानंतर मेलेल्याने मन बदललं तरी दार बंद.

मीरिएल नाही म्हणाली. लग्न झालं. इंदिसला फिंगोल्फिन आणि फिनार्फिन झाले, मुलीही झाल्या. गॅलाड्रिएल ही फिनार्फिनची मुलगी, तेव्हा हे लग्न झालं नसतं तर पुढची निम्मी कथाच नाही.

मला त्या सभेत एक गोष्ट खटकते. थकलेल्या बाईला विश्रांती हवी होती. तिला विचारलं ते एवढंच, की तू येतेस की कायमची थांबतेस. मधलं काही ठेवलंच नाही. वेळ द्यायला अमर लोकांना कसली घाई होती?

शिकाऊ

आणि पुढे? ती तिथेच?

पानगळ

नाही. मेल्कोरने, म्हणजे वर आलेल्या त्याच मॉर्गोथने, फोर्मेनोसमध्ये फिन्वेला मारलं. तोही मान्दोसकडे पोचला आणि तिथे दोघांची गाठ पडली. मीरिएलला आता परत देह हवासा वाटत होता, पण नियम आडवा. मग फिन्वेने सांगितलं, मी कधीच परतणार नाही, माझ्या जागी तिला जाऊ द्या. ते मान्य झालं. मीरिएल जिवंत होऊन विणकरीण देवी वाइरेच्या घरी गेली आणि तिथल्या पटांवर आपल्या घराण्याच्या कथा विणायला बसली.

आनी-पानी

आणि इंदिस? नवऱ्याने परस्पर ठरवलं की मी परत येत नाही. हिला कुणी विचारलं?

काळी मैना

नाही विचारलं. फेआनोरला बारा वर्षांची हद्दपारी झाली तेव्हा फिन्वे राज्य सोडून थोरल्या पोरामागे फोर्मेनोसला गेला, ही गेली नाही. दोघं तेव्हाच वेगळी झालेली. मान्दोसमध्ये फिन्वे हेच कारण पुढे करतो, की इंदिस मला मरणावाचूनच सोडून गेली, मी मेलो तेव्हा एकटाच होतो. स्वतः सामान बांधून कोण निघालं होतं ते मात्र सांगत नाही.

ती माहेरी परतली, वान्यारांत. थोरली मुलगी फिंदिस बरोबर गेली. पुढे तिच्याबद्दल एक ओळ नाही.

भटक्या खेकडा

हिच्यावर वेगळा धागा काढा. मामाच्या मुलीचा मुद्दा मी सोडलेला नाही, तो तिकडे मांडतो.